कोपराखाली चार बोटं

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ओट्याचं माप घेणं. ती भिंतीशी अनवाणी उभी राहिली, पदर खोचून, आणि भाकरी थापताना असतो तसा हात कोपरात दुमडून धरला. मी तिच्या कोपराखाली माझी चार बोटं आडवी लावली आणि त्याच्या खाली सुतारी पेन्सिलीने रेघ मारली. तिने वळून बघितलं.

"अहो, रेघ तिरकी आलीय."

मी म्हणालो, रेघ तिरकी असली तर असू दे, ओटा सरळ झाला म्हणजे झालं. मग ती त्या रेघेपाशी उभी राहून नुसत्या हाताने हवेतच भाकरी थापायला लागली. दोन-तीन थापल्या असतील. बरोबर आहे म्हणाली आणि डाळ निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. गॅलरीत कपडे वाळत घालता घालता खाली बसली ती उठली नाही. रिक्षात घालून नेली, पण दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, वाटेतच संपलं.

माप का घेतलं ते सांगतो. आमचं घर काळेवाडीत, दुसऱ्या मजल्यावर. घेतलं तेव्हा आधीच्या मालकाचा ओटा होता, उंच. ती बुटकी. सव्वीस वर्षं तिने ओट्यापाशी पाट टाकला आणि पाटावर उभं राहून स्वयंपाक केला. साधा फळीचा पाट, तीन बोटं उंचीचा. डब्याकडे जायचं तर उतरायचं, शेगडीकडे यायचं तर परत चढायचं. मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही. मला कुठं चढायचं होतं? मुलीचं लग्न झालं, मी कंपनीतून सुटलो, तेव्हा ती पहिल्यांदा बोलली, की मला एकदा जमिनीवर पाय ठेवून भाकरी करायचीय.

ठेकेदार तिनेच ठरवला. तिच्या माहेराच्या शेजारच्या गावचा, लातूरकडचा. इकडे आला तेव्हा गवंड्याच्या हाताखाली होता, आता मोशीच्या नव्या बिल्डिंगांमध्ये किचनची कामं घेतो. तिला सख्खा भाऊ नव्हता. भाऊबीजेला ती ह्यालाच ओवाळायची. तो तिला आक्का म्हणायचा आणि मला दाजी. कामाचा कागद केला नाही. भावाशी कोण कागद करतं, म्हणाली. पैशाचं त्या दोघांनी बसून आधीच मिटवलं होतं. पुढे जे झालं त्यात पैशाचा संबंध नव्हता, हे आत्ताच सांगून टाकतो.

ती गेली तेव्हा जुना ओटा फोडून झाला होता आणि तो माणूस आमच्याच घरात काम करत होता. आमच्यात सवाष्ण बाई गेली की अंगावर माहेरची साडी घालावी लागते. माहेर तिकडे आठ-नऊ तासांवर. हा तसाच धुळीने भरलेला पिंपरीच्या बाजारात गेला आणि हिरवी साडी घेऊन आला. पुढच्या बाजूने खांदाही त्यानेच दिला. मी शेजारून चालत होतो. तिरडीच्या बांबूवर त्याचा हात होता आणि त्याच्या नखांत आमच्याच स्वयंपाकघराचं सिमेंट होतं. ते मला दिसलं आणि ते मी विसरलो नाही. पुढे भांडायची वेळ आली तेव्हा मी आठ दिवस गप बसलो त्याचं कारण ती नखं.

चौदाव्याच्या नंतर तो आला. काम अर्धवट पडलं होतं. चाचरत म्हणाला, दाजी, आता ओटा नेहमीच्या मापाचा करू का, तुम्ही उंच आहात, तुम्हालाच वापरायचाय. मी त्याला नको ते बोललो. भिंतीवरची रेघ दाखवली आणि म्हणालो, ह्याच्यावर एक बोटसुद्धा चढवलंस तर ओटा मी स्वतः फोडीन. तो बरं म्हणाला. मग त्याने रेघेवर ओटा बांधला, वर काळा ग्रॅनाइट बसवला, खाली ओढायच्या ट्रॉल्या बसवल्या. गॅसची टाकी गॅलरीत ठेवली आणि तिथून शेगडीपर्यंत तांब्याची पाइप भिंतीच्या पोटातून नेली, वरून टाइल्स लावल्या. आता असंच करतात म्हणाला, पाइप दिसत नाही, किचन साफ दिसतं. साफ दिसत होतं खरं. तिचा फोटो लोक हॉलमध्ये लावा म्हणत होते, मी तो ओट्याच्या समोरच्या भिंतीवर लावला. संध्याकाळी फोटोपुढे दिवा लावायचा आणि सकाळी एकदा चहा करायचा, एवढाच त्या स्वयंपाकघराचा वापर. जेवणाचा डबा बाहेरून यायचा.

आता माझ्या नाकाचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला वास येत नाही. चाकणच्या कंपनीत मी प्लेटिंगला होतो. लोखंडी पार्टांवर निकेल चढवायचं, त्याच्या आधी ते ॲसिडच्या टाकीत बुडवून काढायचे. त्या वाफेवर एकतीस वर्षं उभा राहिलो. नाक कधी गेलं ते मला कळलंही नाही. एकदा घरात दूध करपून पातेलं काळंठिक्कर पडलं आणि मी तिथंच बसून पेपर वाचत होतो. ती खालून पळत आली. त्या दिवसापासून घराचं नाक ती. नासलं काय, जळालं काय, मेलेला उंदीर कुठं पडलाय, सगळं तिनेच सांगायचं.

खालच्या मजल्यावर एक मुसलमान कुटुंब राहतं. नवऱ्याचं दोनचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे, बायको घरी शिवणकाम करते, दोन लेकरं आहेत. आमच्याकडे सुतक होतं, चूल पेटत नव्हती, तेव्हा ती बाई रोज पातेलंभर काहीतरी करून वर पाठवायची. काम संपल्यावर पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी ती आपलं पातेलं न्यायला आली. मी म्हणालो, घे बाई, ओट्यावर पालथं आहे. ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

"काका, गॅसचा वास येतोय."

मी शेगडीची बटणं बघितली. बंद होती. ती वाकली, खालची ट्रॉली ओढली आणि तोंडाला ओढणी लावून मागे सरली. इथून येतोय म्हणाली. मी ट्रॉलीत तोंड घातलं, जोरात श्वास ओढला. मला काही नाही. स्टीलचे डबे आणि अंधार. ती म्हणत होती, काका, तोंड काढा, तोंड काढा. तिने गॅलरीत जाऊन टाकी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि पातेलं तिथंच विसरून लेकरांना घराबाहेर काढायला खाली गेली.

मी हॉलमध्ये येऊन बसलो आणि दिवस मोजले. पंधरा दिवस मी त्या खोलीत रोज काडी ओढत होतो. सकाळी चहाला, संध्याकाळी दिव्याला. कंपनीत असताना शेजारच्या शेडमध्ये थिनरच्या पिंपाने पेट घेतला होता. आतला माणूस पेटलेला, चालत बाहेर आला. पळाला नाही, ओरडला नाही, चालत आला. ते चालणं मला त्या दुपारी परत दिसलं आणि नंतर रोज दिसायला लागलं.

ठेकेदाराला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी आला. मी रात्रभर टाकी बंद ठेवली होती, दारं-खिडक्या उघड्या होत्या. तो वाकला, ट्रॉल्या ओढून बघितल्या, नाक लावलं. टाकी चालू केली, पाच मिनिटं थांबला, परत नाक लावलं.

"काय बी न्हाई दाजी."

मी म्हणालो, खालच्या बाईला आला होता. तो म्हणाला, टाकी बदलताना जरा येतोच वास, बायका घाबरतात. टाकी बदलून आठ दिवस झाले होते, तेही मी सांगितलं. मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, दाजी, आक्का गेल्यापासून तुमचं मन खचलंय, एकटे बसता, डोक्यात काहीबाही येतं. त्याच खांद्यावर हात ठेवून तो स्मशानातसुद्धा उभा होता. मी चहा घे म्हणालो. चहा मात्र शेगडीवर केला नाही, खालच्या टपरीवरून आणला.

माझं भांडण असं सुरू झालं आणि त्यात मी बोलतच नव्हतो. बाई त्याच दिवशी लेकरांना घेऊन माहेरी तळेगावला लग्नाला गेली. घराला नाक उरलं नाही. वास आहे की नाही हे सांगणारं कोणी नाही, आणि ज्याने काम केलं तो म्हणतोय की माझ्याच डोक्यात आहे. खरंच असेल का? म्हातारा माणूस, बायको गेलेली. पण मग त्या बाईने तोंडाला ओढणी का लावली? दिवसातून वीस वेळा मी हॉलच्या दाराने गॅलरीत जाऊन टाकीचा कॉक फिरवून बघायचो, बंद आहे ना. बंद असायचा. हॉलमध्ये येऊन बसलो की वाटायचं, मघाशी उलटा तर फिरवला नाही ना. परत जायचो.

स्वयंपाकघरातल्या लाइटचं बटण दाबायचं सोडलं. बटणात ठिणगी असते, ते कंपनीत शिकवलेलं. फ्रिज मध्येच खट् करून चालू होतो, त्यातही ठिणगी. फ्रिजची पिन काढून टाकली. दुपारी डबा घेऊन जिन्यात बसून जेवायला लागलो. येणारे-जाणारे विचारायचे, काका इथं का बसला, मी म्हणायचो आत उकडतंय. आणि दिवा बंद केला. हे सांगायला मला लाज वाटते. संध्याकाळ झाली की मी दारात उभा राहून तिच्या फोटोकडे बघायचो, हातात काडेपेटी असायची, आणि काडी ओढायची हिंमत व्हायची नाही. फोटो तिथून काढून हॉलमध्ये आणावा, तेवढंसुद्धा होत नव्हतं, कारण त्यासाठी आत जावं लागलं असतं.

मुलगीपण तळेगावलाच दिलेली आहे. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, बाबा, कुलूप लावा आणि आजच्या आज इकडे या, त्या माणसावर आपण केस करू. ती बरोबर बोलत होती. पण कुलूप लावून गेलो असतो तर मी परत आलो नसतो हे मला माहीत होतं. आणि केस? दाजी म्हणणारा आता जगात तो एकटाच राहिला होता. वास खरा निघाला तर मी कधीतरी जळून मरणार, आणि तो खरा आहे म्हणून त्याच्यावर उलटलो तर तिच्या माहेराकडचं शेवटचं माणूस मीच तोडणार. दोन्हीकडून भीतीच. मी मुलीला म्हणालो, बघतो.

आठ दिवसांनी खालची बाई परत आली. जिन्यात मला डबा खाताना बघितलं आणि पायरीवर थांबली. मग म्हणाली, काका, तुमच्या खाली माझी लेकरं अभ्यासाला बसतात. एवढंच म्हणाली. मी आठ दिवस माझ्याच मरणाचा विचार करत होतो, ते एक वाक्य ऐकलं आणि हातातली भाकरी खाली ठेवली. गॅस जड असतो, खाली उतरतो, हेही मला माहीत होतं. एवढं माहीत असून मी खाली दोन लेकरं आहेत हे धरलंच नव्हतं.

संध्याकाळी तिचा नवरा गॅरेजमधून आला तसा वरच आला, हात काळेच. तो भिंतीकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "काका, पंक्चर ट्यूब असती तर पाण्यात बुडवली असती. भिंत कशी बुडवू?" त्याला हसू आलं, मला आलं नाही. मग त्याने डोकं चालवलं. म्हणाला, उद्या त्या ठेकेदाराला बोलवा. त्याच्यासमोर करू, मागून नको.

मी फोन केला. म्हणालो, उद्या सकाळी ये, दहाला. तो म्हणाला मोशीला काम लागलंय. मी म्हणालो, तू आला नाहीस तर भिंत मी फोडतो. तो आला.

खालच्या मेकॅनिकने पायाने मारायचा हवेचा पंप आणला होता, त्याला हवेचा दाब दाखवणारा काटा असतो. गॅलरीत टाकीची नळी काढून तिथं पंपाची नळी घट्ट बांधली. शेगडीच्या बाजूचं तोंड बूच ठोकून बंद केलं. मग हवा मारली. काटा चढला. ठेकेदार ओट्याला टेकून उभा होता, हाताची घडी घालून, आणि काट्याकडे बघत नव्हता. मेकॅनिक म्हणाला, पाइप चांगली असेल तर काटा दिवसभर असाच राहील, आपण चहा घेऊ. बाईने खालून चहा पाठवला होता. तिघं गॅलरीत उभे राहून प्यायलो. काटा खाली यावा की येऊ नये, हेच मला ठरवता येत नव्हतं. नाही आला तर मी वेडा. आला तर...

कप रिकामा झाला तेव्हा काटा अर्ध्यावर आला होता. मेकॅनिकने परत मारली, परत तसंच. त्याने ठेकेदाराकडे बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, आता तुमचं काम." आणि पंप सोडवून घेऊन शहाण्यासारखा खाली गेला.

ठेकेदाराने पिशवीतून छन्नी काढली. ट्रॉल्या उपसून बाजूला ठेवल्या. पाइप भिंतीत सात-आठ फूट गेलेली, मला वाटलं आता सगळ्या टाइल्स फुटणार. पण त्याने इकडे तिकडे बघितलंच नाही. सरळ ट्रॉल्यांच्या मधल्या फ्रेमच्या मागच्या एका स्क्रूपाशी बसला आणि तिथलीच एक टाइल फोडली. आतून तांब्याची पाइप दिसली, आणि पाइपमध्ये घुसलेला स्क्रू.

मी पाटावर बसलो. तिचा पाट अजून भिंतीला उभा होता, तो ओढून बसलो. मी म्हणालो, एकच टाइल फोडलीस. तुला जागा माहीत होती.

तो वळला नाही. भिंतीकडेच तोंड करून बोलला.

"ट्रॉल्या तयार येतात दाजी, नेहमीच्या ओट्याच्या. आक्काच्या मापात बसंनात. मग फ्रेमचे पाय तीन बोटं कापले. सगळी फ्रेम खाली आली. मागची भोकं बी खाली आली, पाइपवर."

"तेव्हाच कळलं?"

"स्क्रू मारताना हात सैल लागला. वाटलं, टाइलमागं पोकळ असंल. तुमी वास म्हणालात, तवा कळलं."

"आणि तू इथं वाकून नाक लावलंस आणि मला म्हणालास माझं डोकं गेलंय."

"भ्यालो दाजी. मोशीत चार घरं चालू हायत. आक्काच्या घरात असं केलं म्हणल्यावर कोण दारात उभं करंल?"

तीन बोटं. ती रेघ मी मारली होती, एक बोट चढवलंस तर फोडीन म्हणून दम मीच दिला होता. त्याने ते माप पाळलं. माप पाळलं आणि वर खोटं बोलला. पहिल्यासाठी मी त्याला काही बोलू शकत नव्हतो आणि दुसऱ्यासाठी सोडू शकत नव्हतो.

मी म्हणालो, "तू नुसता ठेकेदार असतास तर पहिल्याच दिवशी तुला चौकीत नेलं असतं. तू तिला खांदा दिलास म्हणून मी गप बसलो. मी मेलो असतो तर मलाही तूच खांदा दिला असतास. खालच्या लेकरांना कोणी दिला असता?"

तो म्हणाला, तुम्ही म्हणाल ते करतो. ओटा तीन बोटं उचलतो, ट्रॉल्या नीट बसतील, पाइप दुसऱ्या बाजूने नेतो, सगळं नवीन. मी म्हणालो, ओट्याला हात लावायचा नाही. ट्रॉल्या ने. दारं, फ्रेमा, सगळं ने, खाली उघड्या फळ्या राहू दे. पाइप काढून टाक. टाकी ओट्याच्या बाजूला उघड्यावर, गॅलरीच्या दाराशी, शेगडी त्याच टोकाला, मध्ये हातभर रबरी नळी. मला डोळे आहेत, मला सगळं डोळ्यांसमोर पाहिजे. घाण दिसलं तरी चालेल.

आणि आणखी दोन गोष्टी सांगितल्या. मोशीतल्या चार घरांत भिंतीतून पाइप नेली आहे का, विचारलं. तिघांकडे नेली होती. म्हणालो, उद्यापासून एकेक घरी जायचं, असाच पंप लावायचा आणि मालकासमोर काटा बघायचा. पंप कुठं मिळतो ते खाली विचार. आणि खाली जातोच आहेस तर त्या बाईला तू स्वतः सांग काय झालं ते. तो म्हणाला, दाजी, तिला तुम्हीच सांगा. मी म्हणालो, नाही.

तो गेला. काय बोलला मी ऐकलं नाही. जिन्यातून बाईचा आवाज आला, आधी मोठा, मग बारीक. वर आला तेव्हा तो लाल झाला होता आणि त्याच्या हातात पंप होता.

संध्याकाळपर्यंत एकटाच राबला. पाइप उपसून काढली, भोकं बुजवली, फोडलेल्या टाइलच्या जागी दुसरी मिळेना, वेगळ्याच रंगाची बसवली. मी पाटावर बसून बघत होतो. जाताना म्हणाला, दाजी, आज शेगडी पेटवू नका, सिमेंट ओलं आहे. सिमेंटचा आणि शेगडीचा काही संबंध नसतो. त्याला माझ्यासमोर पेटवून बघायची भीती वाटत होती. मलाही वाटत होती, म्हणून मी बरं म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारं-खिडक्या उघडल्या. वाटीत साबण विरघळवला, दाढीचा ब्रश घेतला, आणि टाकीपाशी पाट ठेवून बसलो. त्या उंचीला पाट बरोबर पडतो. कॉक फिरवला. नळीच्या दोन्ही टोकांना, रेग्युलेटरला, सगळीकडे फेस लावला आणि चष्मा पुसून बघत राहिलो. बुडबुडा आला नाही. फेस सुकला, परत लावला. तरी पटेना, म्हणून जिन्यात जाऊन खालच्या बाईला हाक मारली. ती पीठ भरलेल्या हातांनीच वर आली, ओट्यापाशी वाकली, फळ्यांखाली वाकली. म्हणाली, काका, नुसता साबणाचा वास येतोय. मी तिला म्हणालो, तू आता खाली जा. ती म्हणाली, का? मी म्हणालो, जा. ती गेली नाही, दारात उभी राहिली.

पहिली काडी मोडली. दुसरी पेटली, तिच्यावर शेगडी लावली. तीच काडी तशीच धरून फोटोपर्यंत नेली, पण बोटाला चटका बसला आणि विझली. तिसऱ्या काडीने दिवा लावला. सकाळी लावत नव्हतो, पण बरेच दिवस राहिले होते.

मग चहाचं आधण ठेवलं आणि ठेकेदाराला फोन लावला. म्हणालो, पेटली. तो म्हणाला, दाजी, मी मोशीत पहिल्या घरी आलोय, पंप लावलाय. मी विचारलं, काटा?

"अजून बघतोय."

मी म्हणालो, बघ, घाई करू नकोस. फोन ठेवला नाही, त्यानेही ठेवला नाही. ओटा मला ठेंगणा पडतो, वाकावं लागतं. तसाच वाकून उभा राहिलो, एक हात रेग्युलेटरवर, कानाला फोन, आणि आधणाला उकळी यायची वाट बघत.